पैलू आणि वजन

एखाद्या गुरूने शिष्याला 'पैलू पाडले' असे आपण म्हणतो, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पैलू पाडल्याने हिऱ्याचे मोल वाढतेच. हिरे घडवण्याच्या कलेचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. पैलू पाडणे म्हणजे खडा घासून कमी करणे, आणि जे घासले गेले ते पुन्हा जोडता येत नाही.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यत्वे भारताने. सहा टोके, आठ पृष्ठे आणि बारा धारा, असे उत्तम हिऱ्याचे लक्षण रत्नपरीक्षेच्या संस्कृत ग्रंथांत सांगितलेले आहे. हे वर्णन निसर्गाने घडवलेल्या स्फटिकाचे आहे. त्यात कारागिराच्या हाताचा उल्लेख नाही. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहणारा फ्रेंच व्यापारी तावर्निये याने येथील रीत लिहून ठेवली आहे. खडा निर्दोष असेल तर वजन घटू नये म्हणून कारागीर तो चाकावर केवळ वरवर घाशीत. डाग किंवा चीर असेल, तर ती झाकण्यासाठी मात्र बारीक बारीक पैलू पाडीत. मोगल दरबारातील एक प्रचंड हिरा बोर्जियो या व्हेनिसच्या कारागिराने घासून फारच लहान केला, तेव्हा त्याला मजुरी तर मिळाली नाहीच, उलट १०,००० रुपये दंड भरावा लागला, हेही तावर्नियेनेच नोंदवले आहे.

युरोपात मान होता तेजाला. वरून आत शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर आदळून पुन्हा डोळ्यांकडे परतला पाहिजे, हे तेथील कारागिरांचे उद्दिष्ट. त्यासाठी पैलूंचे कोन अचूक साधावे लागतात, आणि त्यात कच्च्या खड्याचा निम्माअधिक भाग भुकटी होऊन जातो.

या दोन दृष्टींची गाठ कोहिनूरवर पडली. १८४९ साली पंजाब जिंकल्यावर इंग्रजांनी तो बालराजा दुलीपसिंग याच्याकडून घेतला आणि १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमधील महाप्रदर्शनात मांडला. लोकांची रीघ लागली, पण हिरा काही झळकेना. जो रत्नखचित बाजूबंदात महाराजा रणजितसिंगाच्या दंडावर शोभला, तो पिंजऱ्यात ठेवून काचेच्या मंडपातील उजेडात पाहिला जात होता. दोष मांडणीचाही असू शकतो, म्हणून ती बदलूनही पाहिली गेली, पण त्याने लोकांचे समाधान झाले नाही. भारतीय कारागिराला काम जमले नाही, असा सोपा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅमहून कारागीर आणवले गेले, वाफेच्या यंत्रावर चाक फिरू लागले आणि ३८ दिवसांत सुमारे १९१ कॅरेटांचा हिरा १०५.६ कॅरेटांवर आला. एवढी घट पाहून खुद्द राणीचे पती प्रिन्स अल्बर्टही नाराज झाले.

नव्या कोहिनूरचे तेज वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही तो निर्णय उतावीळपणाचा होता असेच म्हणावे लागते. जुन्या घडणीत कसब कमी नव्हते; तिचे उद्दिष्टच निराळे होते. खड्याचा मूळ डौल आणि वजन राखणे हीही एक विद्या होती, आणि तिचा एक थोर नमुना ३८ दिवसांत पुसला गेला. जेत्याची अभिरुची आणि जितांचे कौशल्य यांची अशी तुलना न्याय्य कशी ठरेल?

हा प्रश्न जुना झालेला नाही. भारतातून युरोपात गेलेला आणि बव्हेरियाच्या राजघराण्यात राहिलेला विटल्सबाख हा निळा हिरा २००८ साली लंडनमध्ये लिलावात विकला गेला. नव्या मालकाने तो पुन्हा घासून घेतला. ३५.५६ कॅरेटांचा हिरा ३१.०६ कॅरेटांचा झाला. रंग खुलला, डाग गेले. आणि शतकानुशतकांच्या खुणाही गेल्या, म्हणून संग्रहालयांच्या जाणकारांनी टीका केली.

आज जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत. तेथे खडा चाकावर जाण्यापूर्वी संगणक त्याचे अंतरंग तपासून अनेक आराखडे मांडतो. कोणत्या आराखड्यात किती कॅरेट हाती उरतील, हा आकडा त्या प्रत्येकापुढे दिलेला असतो.