घरातला कॉम्प्युटर नेमका कुणाच्या ताब्यात आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. त्या दिवशी आपल्या घरातल्या कॉम्प्युटरला काहीच झालं नाही. तो रोजच्यासारखाच सुरू झाला, यूट्यूब चाललं, प्रिंट निघाली. त्यामुळे बहुतेक घरांत ही बातमी पोहोचलीच नाही. जिथे पोहोचली तिथे मला दोनच उत्तरं ऐकू आली. एक, 'चालतोय ना, मग चालू दे.' दुसरं, 'आता नवा घ्यावा लागणार, आणि तेवढे पैसे नाहीत.' मला या दोन्ही उत्तरांशी भांडायचं आहे.

मी सोलापुरात एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या घरचे कॉम्प्युटरही अधूनमधून माझ्याकडे येतात. बहुतेकांची कहाणी सारखीच असते. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला किंवा सेकंड हँड मिळालेला डेस्कटॉप, चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, पेन ड्राइव्हवरून 'टाकून दिलेलं' विंडोज, आणि पासवर्ड थोरल्या भावाकडे किंवा थेट दुकानदाराकडे. घरात कॉम्प्युटर आहे, पण घर त्याचं मालक नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की ही मालकी आपण परत घ्यायला हवी, आणि ती घेणं वाटतं तितकं अवघड नाही.

'चालतोय ना'वाल्यांसाठी २०१७ ची एक गोष्ट. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक मोठी फट बुजवणारं अपडेट काढलं होतं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. त्याने फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. लक्षात घ्या, इलाज दोन महिने आधीच उपलब्ध होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, ते प्रामुख्याने सापडले. अपडेट बंद झालेलं विंडोज म्हणजे असं घर, ज्याचं कुलूप तुटलं तरी आता कुणी दुरुस्त करायला येणार नाही. चोर आजच येईल असं नाही. पण तो आला तर दार उघडंच आहे.

आता 'नवा घ्यावा लागणार'वाल्यांसाठी. घ्यावा लागेलच असं नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, किमान चार जीबी रॅम आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणं सोपं आहे. आय३-४१३० म्हणजे चौथी, आय५-८२५० म्हणजे आठवी, आय३-१०११० म्हणजे दहावी. तुमचा कॉम्प्युटर या यादीत बसत असेल तर विंडोज १० वरून ११ वर मोफत जाता येतं. बसत नसेल तर 'तरीही टाकून देतो' म्हणणारे भेटतील. पण अशा कॉम्प्युटरला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे आपण पुन्हा तिथेच येऊन उभे राहतो.

मग दोन वाटा उरतात. पहिली तात्पुरती आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते. दुसरी वाट लिनक्सची. लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट मिळतं आणि कायदेशीर आहे. ते पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहता येतं, हार्ड डिस्कवरच्या कशालाही हात न लावता. आवडलं तरच बसवायचं. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकत आहेत. त्यामुळे 'हे आपल्याला जमायचं नाही' हे मला पटत नाही.

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून टाकून द्यायला निघालेल्यांनी आधी आत डोकवावं. बऱ्याचदा प्रोसेसर ठीक असतो, रडवते ती फिरणारी हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी बसवली तर तोच कॉम्प्युटर ओळखू येत नाही. लॅपटॉपच्या अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी सरळ बसते. रॅम चारची आठ जीबी केली तर आणखी फरक पडतो. मात्र डीडीआर३ ची खाच डीडीआर४ ला चालत नाही, म्हणून जुनी पट्टी पाहूनच नवी घ्या. पंख्यात साचलेली धूळ ब्लोअरने काढा, पण प्लग काढून, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून. तारीख-वेळ रोज चुकत असेल आणि प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर मदरबोर्ड गेलाय असं लगेच मानू नका. बऱ्याचदा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटं वाटतं, एवढंच.

आता ज्यावर आपण बोलायचं टाळतो, त्या क्रॅकबद्दल. चोरीचा माल उंबरठ्याच्या आत नको, असं शिकवणाऱ्या घरांत क्रॅक केलेलं विंडोज, ऑफिस आणि फोटोशॉप बिनदिक्कत चालतं. 'सगळेच वापरतात' हे उत्तर मी लहान-मोठ्या सगळ्यांकडून ऐकलं आहे. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकतं, पण गुन्हा गुन्हाच राहतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवा. क्रॅक कसा चालतो ते पाहा. तो आधी सांगतो, 'अँटिव्हायरस बंद कर.' मग सांगतो, 'मला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव.' म्हणजे कोण, कुठला, काहीच माहीत नसलेल्या माणसाला आपण चौकीदार झोपवून तिजोरीची चावी देतो. त्याच कॉम्प्युटरवर मग अब्बांचं बँक खातं उघडतं आणि आपाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो.

आणि हे सगळं कशासाठी? एक अर्ज टाइप करायला, एक रेझ्युमे करायला, एक हिशोबाचा तक्ता करायला. त्यासाठी लिब्रेऑफिस पुरतं. फोटोसाठी गिम्प आहे, पोस्टर-पत्रिकांसाठी इंकस्केप आहे. मराठी टायपिंगला कृतिदेवची गरज नाही. कृतिदेवमध्ये लिहिलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की अगम्य होतं, कारण आत साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजी असतात. युनिकोडमध्ये लिहिलेलं फोनवरही तसंच दिसतं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. उर्दूसाठी नोतो नस्तालीक हा फाँट फुकट आहे. दोन्ही लिप्या एकाच फाइलमध्ये नीट बसतात, आणि आपल्यासारख्या दोन भाषांत जगणाऱ्यांना याहून जास्त काय हवं?

सॉफ्टवेअर बसवताना तीन सवयी लावून घ्या. पहिली, ज्याने बनवलं त्याच्याच वेबसाइटवरून किंवा विंडोजच्या, लिनक्सच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यायचं. सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसणारी जाहिरात म्हणजे मूळ जागा नव्हे. दुसरी, 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जायचं नाही, कारण मधेच एखाद्या चौकोनात टिक असते आणि नको असलेलं काहीतरी सोबत घरात शिरतं. तिसरी, सहा महिन्यांतून एकदा यादी उघडून जे वापरत नाही ते काढून टाकायचं. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम कमी केले तरी निम्मी तक्रार मिटते.

यापेक्षा मोठी जोखीम मात्र वेगळी आहे. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरचा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून दुकानात गेला. दुकानदाराने न विचारता फॉरमॅट मारला. त्यात तिच्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा स्कॅन होता, आणि मूळ दाखला आधीच एका पावसाळ्यात भिजून खराब झालेला. अर्जाची मुदत तीन दिवसांवर होती. कागद म्हणजे काय, हे आपल्या घरांत कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दाखले, उतारे, जन्माच्या नोंदी, नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी केलेली प्रतिज्ञापत्रं. हे सगळं एकाच डिस्कवर ठेवणं म्हणजे नशिबावर सोडणं. बॅकअपचा साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन किंवा खालाच्या घरी. आणि कधीतरी ती प्रत उघडून पाहायची. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी दगा देऊ शकतो.

मुलींशी थोडं वेगळं बोलायचं आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणींना साधा प्रोग्रॅम बसवायचा असला तरी भाईजान घरी येईपर्यंत थांबावं लागतं, कारण पासवर्ड त्याच्याकडे आहे. लॅपटॉप बिघडला तर त्या दुकानात द्यायला घाबरतात, कारण आत घरचे फोटो आहेत. काही जणी भीतीने बिघडलेला लॅपटॉप तसाच ठेवून देतात आणि शिक्षण फोनच्या पडद्याएवढं होऊन बसतं. यावर उपाय घराच्या आतच आहे. रोजच्या वापरासाठी सगळ्यांची साधी खाती असावीत, भाईजानचंही. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं फक्त काही बसवताना उघडावं आणि त्याचा पासवर्ड घरातल्या किमान दोघांना माहीत असावा, त्यातली एक मुलगी किंवा आई असावी. हे बंड नाही. सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे, कारण साध्या खात्यात शिरलेला व्हायरस सहसा कमी नुकसान करतो. आणि चार स्क्रू उघडून रॅम बदलायला मनगटाची ताकद लागत नाही.

याला दोन हरकती घेतल्या जातात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली, लिनक्सवर सगळं चालत नाही. खरंच आहे. टॅली, फोटोशॉप, इनपेज ज्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे, त्यांनी विंडोजवरच राहावं, पण परवान्याचं आणि अपडेट मिळणारं. पोटापाण्याच्या हत्यारावर खर्च करावाच लागतो. शिंपी मशीन विकतच घेतो ना? दुसरी हरकत, दुकानदारांच्या रोजीचं काय? ती दुकानं चालवणारी बरीच पोरं आपल्याच गल्लीतली आहेत आणि मला त्यांच्याशी वैर नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर तेही बदलतील. म्हणून विचारा : माझ्या फाइलींचा बॅकअप घेतल्याशिवाय फॉरमॅट करणार नाही ना? काय बसवलं ते बिलावर लिहून द्याल का? क्रॅकऐवजी लिनक्स बसवून मराठी-उर्दू कीबोर्ड लावून द्याल का? त्या मेहनतीचे पैसे आनंदाने द्या. क्रॅकसाठी पाचशे रुपये देताना आपण घासाघीस करत नाही, मग प्रामाणिक कामासाठी का करावी?

जे मोहल्ल्यात संस्था चालवतात त्यांनाही एक सांगणं आहे. गरजू मुलांना लॅपटॉप वाटण्याचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात, चांगलंच आहे. पण दोन वर्षांनी त्यातले किती चालू आहेत, हे कुणी विचारत नाही. वाटपासोबत दोन तासांचं प्रशिक्षण ठेवा. महिन्यातला एक रविवार शाळेच्या वर्गात किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात देखभालीचा ठेवा. एक स्क्रू-ड्रायव्हरचा संच, एक ब्लोअर, लिनक्सचे दोन पेन ड्राइव्ह, बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क आणि नोंदीची एक वही, एवढंच सामान लागतं. शिकवायला बाहेरून कुणी आणू नका. मागच्या महिन्यात शिकलेली मुलगी या महिन्यात शिकवू शकते, आमच्याकडे तसं होतं.

तोवर या रविवारी तुमच्या घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून चार गोष्टी पाहा : विंडोज कोणतं आहे आणि त्याला अपडेट येतात का, प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत कुठे आहे, आणि पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'दुकानदाराला' असं आलं, तर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं.