जातीचा दाखला कुणाच्या संगणकात?

"आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" खासगीपणाचा विषय काढला की बारामती-इंदापुरातले आपलेच तरुण असे विचारतात. गावात आपली जात सगळ्यांना ठाऊक असते, हे खरेच. पण गावाला ठाऊक असणे वेगळे आणि जात, आधार, मोबाईल, बँक खाते, घरचे उत्पन्न हे सगळे एकाच फोल्डरमध्ये अनोळखी माणसाच्या हाती असणे वेगळे. जात मागे टाकायला माणूस शहर गाठतो. फाईल त्याच्या आधी तिथे पोहोचू शकते.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर ही माहिती द्यावीच लागते. घरी संगणक नाही, म्हणून विद्यार्थी ई-सेवा केंद्र किंवा नेट कॅफे गाठतो. अनेकदा लॉगिन केंद्रचालकच काढतो. पासवर्ड त्याच्या वहीत, स्कॅन त्याच्या संगणकात. चालक लबाडच असतो असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही, त्याची संमती कसली?

खासगीपणा हे श्रीमंतांचे चोचले नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात तो मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांनी तर १९४७ मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये माणसाचे घर आणि कागदपत्रे यांना मनमानी झडतीपासून संरक्षण मागितले होते.

मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) बदलून वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार देणे सोपे केले. म्हणजे आमची माहिती सरकारपुढे उघडी आणि सरकारची आमच्यापुढे झाकलेली. हा उलटा न्याय आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महाविद्यालयांनी आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांनी अर्जाच्या हंगामात स्वतःचे मोफत मदत कक्ष चालवावेत. केंद्रांनी काम झाल्यावर अर्जदारासमोर फाईल पुसावी. तहसील कार्यालयाने त्यावर लक्ष ठेवावे. तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या पोरांसोबत केंद्रात जावे, पासवर्ड त्यांच्याच हाताने टाकून घ्यावा.

शिष्यवृत्ती आमचा हक्क आहे. ती घेताना हक्काने दिलेली माहिती कुणाच्या मेहेरबानीवर सोडायची नाही.

जय भीम!