यंत्र पिकाला, अनुदानाला नव्हे

भांडगावच्या शिवारात ऊस डोक्यावर गेला की ट्रॅक्टर बांधावरच थांबतो आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस आत शिरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा उभ्या उसाला ड्रोन हवाच, हे आमचे स्पष्ट मत. एकरी दहाएक लिटर पाण्यात तो काम उरकतो. पण पाणी थोडे म्हणजे औषध दाट, वारा सुटला तर शेजाऱ्याच्या भाजीवर. द्राक्षबागेत पानामागे, घडात पोचायला ट्रॅक्टरचा ब्लोअरच लागतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये महिला बचत गटांच्या ड्रोनला ८० टक्के, ८ लाखांपर्यंत अनुदान मंजूर केले. गटाचा ड्रोन उसासाठी भाड्याने जरूर घ्या; त्यापायी बागेतला ब्लोअर मोडीत काढू नका. कोणते यंत्र, हे शेतकरी पीक पाहून ठरवील. अनुदान पाहून नव्हे.