विनाअनुदानित

बारावीचा निकाल लागला की कुरुंदवाडच्या घाटावरची बोलणी ऊसबिलावरून फीवर येतात. पोरगं इंजिनिअरिंगला जायचं म्हणतंय, मग मळ्यातला एकर गहाण टाकावा काय, असा विचार घरात सुरू होतो. तो टाकण्याआधी ही फी आली कुठून ते पाहू.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना सरकारने खाजगी संस्थांना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे काढायला परवानगी दिली. आपली मुले देणगी मोजून कर्नाटकात जात होती, ती इथेच शिकावीत हा हिशेब. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकाचा पगार सरकार देते, म्हणून फी हलकी. विनाअनुदानितात पगार, इमारत, यंत्रे, सारा बोजा पोराच्या फीवर. पुढे १९९१ पासून देशानेच खुल्या बाजाराची वाट धरली. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले की अशा संस्थांनी फी आपली आपण ठरवावी, थोडी शिल्लकही ठेवावी. नफेखोरी आणि देणगी मात्र चालणार नाही.

खोटे कशाला बोला, या कॉलेजांमुळे खेड्यातली किती तरी पोरे इंजिनिअर झाली. पण शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगे उभी केली ती गरिबाच्या पोराचा खर्च समाजाने उचलावा म्हणून. आता तो खर्च फिरून बापाच्या सातबाऱ्यावर आला आहे.

आज राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ते संस्थेचा खर्च तपासून फी मंजूर करते. उसाला उत्पादनखर्चावर भाव द्या म्हणून आपण किती वर्षे रस्त्यावर बसलो, हे शिरोळ तालुक्याला सांगायला नको!

तर कॉलेजात गेल्यावर मंजूर फी किती ते आधी विचारा. देणगी घेणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. पावतीशिवाय रुपया देऊ नका. घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तहसीलदाराचा दाखला वेळेत काढा. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी यादीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. खोली आणि खानावळ तुमचीच.

आणि कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या हमी निधीचा आधार मिळतो, त्यात जमीन तारण द्यावी लागत नाही. बँकेत हीच योजना नाव घेऊन मागा. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. जमेल तेवढे व्याज दर ऊसबिलातून भरत चला.