विक्रांत भंगारात, फॉरवर्ड जोरात

दर डिसेंबरला फॉरवर्ड येतोच, ‘१९७१ ला अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी एंटरप्राइझ आपल्याला बघून पळाली!’ मित्रांनो, जरा दमानं. आठ अणुभट्ट्यांची ही विमानवाहू नौका निक्सन यांनी बंगालच्या उपसागरात धाडली खरी, पण ती येईपर्यंत ढाका पडायला आलं होतं. १६ डिसेंबरला नियाझींनी शरणागतीवर सही केली. काम आपल्या विक्रांतनं आधीच केलं होतं. तिच्या विमानांनी ४ डिसेंबरपासून चितगाव, कॉक्स बाजार झोडपलं होतं. एवढा खरा पराक्रम असताना खोटी शेखी कशाला?

दोघी नौदलात आल्या १९६१ सालीच. एंटरप्राइझ ५१ वर्षं राबली. तिचं संग्रहालय झालं नाही, कारण अणुभट्ट्या काढायच्या तर जहाजाचं पोट फाडावं लागतं. विक्रांतमध्ये कुठं होती अणुभट्टी? मुंबईत तिचं संग्रहालय होतंच की! सरकारनं हात वर केले आणि २०१४ ला ती भंगारात गेली. तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या.

तेव्हा आपण कुठं होतो? मीही चार ओळींची बातमी लावून मोकळा झालो. म्हणून सांगतो, यंदा फॉरवर्ड करण्याआधी विक्रांत आठवा. आणि थोडी लाज वाटू द्या, मलाही वाटतेय.