घर आणि आरोग्य : गांजा आणि मेंदू

आमच्या माळव्यात भांग हा शब्द कोणास दचकवीत नाही. महाशिवरात्रीची ठंडाई, होळीचा गोळा, उज्जयिनीस महाकालेश्वराचा भांगेचा शृंगार, हे सारे परिचयाचे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानेही या झाडाची पाने व बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेविल्या. म्हणून भांगेची परवान्याची दुकाने आजही चालतात. या जुन्या ओळखीपायीच घरोघर एक समजूत रुजली आहे, की जी वस्तू देवास चालते ती मुलास काय अपाय करणार? वसतिगृहात राहून रोज गांजा ओढणाऱ्या मुलाचे आईवडीलही प्रथम याच समजुतीचा आधार घेतात.

सणाचा पेला आम्ही निर्धोक म्हणत नाही. परंतु रोजच्या चिलमीची गोष्टच वेगळी. गांजातील मादक द्रव्य, ज्यास संक्षेपाने टीएचसी म्हणतात, ते इस्रायलमधील मेशुलम व गाओनी यांनी १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मेंदूच्या पेशींवर या द्रव्यास बसावयाच्या जागाच आहेत, हे १९८८ साली उघड झाले. पुढे १९९२ साली मेंदू स्वतः निर्माण करतो असे तशाच कामाचे द्रव्य सापडले. त्याचे 'आनंदामाइड' हे नाव आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून पडले आहे! मात्र हे घरचे द्रव्य हवे तेथे, हवे तेवढे काम करून लगेच विरते. गांजातील द्रव्य सर्वत्र पसरते आणि तासन्‌तास ठाण मांडते. नव्या आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा जागा दाट असल्यामुळे नुकतेच ऐकलेले वा वाचलेले टिकत नाही. रोजच्या माऱ्यापुढे मेंदू या जागाच कमी करतो, आणि मग त्याच धुंदीस मात्रा वाढवावी लागते.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, किशोरवयात आरंभ करून वर्षानुवर्षे आहारी राहिलेल्यांचा बुद्ध्यंक ३८ व्या वर्षापर्यंत सुमारे ८ गुणांनी उतरला. प्रौढपणी आरंभ करणाऱ्यांत तशी घट दिसली नाही. हे सर्वांस मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१६ सालच्या अमेरिकेतील जुळ्यांच्या अभ्यासात ओढणारे व न ओढणारे भावंड यांत असा फरक आढळला नाही.

आम्हांस बुद्ध्यंकाहून दुसरी गोष्ट अधिक भयावह वाटते. स्वीडनमधील ४५,००० हून अधिक सैन्यभरतीच्या तरुणांवरील १९८७ सालच्या अहवालात, पन्नासाहून अधिक वेळा गांजा-चरस ओढलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण सहापट दिसले. कारण कोणते नि परिणाम कोणता, हा वाद चालो; ज्या घराण्यात असा विकार पूर्वी होऊन गेला आहे, त्या घराने तरी वादाच्या निकालाची वाट पाहू नये.

दिलासा इतकाच, की गांजा बंद केल्यावर मेंदूतील त्या जागा सुमारे चार आठवड्यांत बऱ्याच अंशी पूर्ववत होतात, असे तपासण्यांत दिसले आहे. मात्र पहिल्या आठवड्यात झोप उडते, अन्नावरची वासना जाते, मुलगा चिडचिडा होतो. 'याहून ओढत होता तेच बरे' असे आईस वाटते ते याच दिवसांत. हा त्रास बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. परंतु कोणी नसता आवाज ऐकू येऊ लागले, घरच्यांविषयीच संशय बळावला, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.