बोली कुठं थांबवायची?

खरं सांगू? हर्णैला मी समुद्र बघायला गेलेच नव्हते. सोमवारी बँकेत होम लोनच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या आणि कॅल्क्युलेटर बडवून बडवून डोक्याचा पार भुगा झाला होता. वन बीएचके की टू? बँक म्हणतेय, 'मॅडम, तुमची एलिजिबिलिटी आहे.' आई म्हणतेय, 'झेपेल का गं?' मग काय, सॅक उचलली आणि स्वारगेटहून रात्रीची दापोली एसटी पकडली.

दापोलीहून हर्णै साधारण १५-१६ किलोमीटर. सकाळी आधी होडी करून सुवर्णदुर्ग गाठला. चारी बाजूंनी पाणी आणि मधोमध काळीकभिन्न तटबंदी. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव, तटावर मारुती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं ते तुळाजी आंग्र्यांकडून जिंकलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत सुवर्णदुर्गही आहे. आत मात्र झाडी, पडकी जोती आणि मस्त शांतता. मी तिथंही मोबाईलवर ईएमआय काढत बसले होते, हे कुणाला सांगू नका!

दुपारी खानावळीत सुरमईची तुकडी, तांदळाची भाकरी आणि दोन वाट्या सोलकढी हाणली आणि बंदरावर आले. इथला मासळीचा लिलाव म्हणजे एकदम लाइव्ह शो. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि चक्क बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी किनाऱ्यावर आणतात. वाळूत बांगड्याचे, कोळंबीचे, पापलेटचे ढीग लागतात, भोवती कोंडाळं जमतं आणि बोली सुरू.

एका मावशींच्या मागं मी उभी राहिले. पहिल्या ढिगाला त्यांनी बोली लावली, दुसरीनं वाढवली, मावशी गप्प. दुसऱ्या ढिगालाही तेच. तिसरा ढीग चकाचक सुरमईचा. मावशी चढत गेल्या आणि अचानक थांबल्या. अगदी थोडक्यात गेला की हो! माझाच जीव हळहळला.

"मावशी, अजून थोडं वाढवलं असतंत तर?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय गो, पैसे तू देणार होतीस?" मग हसल्या. "घरातून निघतानाच ठरवायचं, कुठं थांबायचं ते. इथं आल्यावर ठरवलं तर मासळीच ठरवते. पावसात दोन महिने होड्या बंद. तेव्हा चूल कशावर पेटवायची?"

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी मला पेपरातली बातमी म्हणून माहीत होती. म्हणजे दरवर्षी ६१ दिवस मोठ्या होड्या किनाऱ्यावर. आपल्याला एक पगार दोन दिवस उशिरा झाला तर एचआरला तीन मेल जातात! आणि माझ्या त्या सगळ्या हिशेबात पगार न येण्याचा एकही महिना नव्हता. एकही नाही.

शेवटी मावशींनी बांगड्याचा एक ढीग घेतला, ठरवलेल्या भावात. मी त्यांच्याकडून अर्धा डझन बांगडे मागितले आणि सवयीनं म्हटलं, "पन्नास कमी करा ना." मॉलमधल्या कॉफीचं बिल मात्र मी कधी वाचतसुद्धा नाही. मावशींनी पैसे कमी केले नाहीत. बरं केलं. वर एक बांगडा जास्त टाकला.

खानावळवाल्या वहिनींनी रात्री ते तळून दिले. जेवून मी वहीत एक आकडा लिहिला. सहा महिने नोकरी नसली तरी हप्ता भरता येईल, असा. बँकेच्या आकड्यापेक्षा तो बराच लहान होता.

सोमवारी सह्या केल्या. वन बीएचकेच्या कागदांवर. बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, अजून थोडं वाढवता आलं असतं."

मी म्हटलं, "पैसे तू देणार होतास?"